जांभई आणि खोकला

फार दाट नाही आणि अगदी उघडेही नाही, अशा एका डोंगराळ रानात एक म्हातारा कोल्हा राहत असे. तो गवई होता. हसू नका, मुलांनो. कोल्ह्याला गवई म्हटले की तुम्हाला हसू फुटते, हे मला ठाऊक आहे. कोणाची उगाच चाललेली ओरड ऐकली की आपण माणसे तिला कोल्हेकुई म्हणतो, आणि त्या एका शब्दात साऱ्या कोल्ह्यांचा निकाल लावून मोकळे होतो. पण कोल्ह्यांना विचाराल तर ते सांगतील, की कुई हे गाणे आहे. ते शिकावे लागते, ते बिघडवणारेही असतात, आणि त्यावरून घराघरांत जेवढी भांडणे होतात तेवढी शिकारीवरूनही होत नाहीत.

त्या रानात एक सपाट काळा खडक होता. रोज तिन्हीसांजेला, ऊन डोंगराआड गेले पण अंधार पडायचा आहे अशा वेळी, कोल्ह्यांची टोळी त्या खडकावर जमे. म्हातारा कोल्हा टोळीचा म्होरक्या. तो मधोमध बसे, मान वर करी, डोळे मिटी आणि पहिली कुई लावी. ती इतकी लांब असे, की ऐकणाऱ्याला वाटावे आता संपली, तरी ती पुढे चाललेलीच असे. ती पुरती विरली की त्याच्या खालच्या वयाचा कोल्हा आपली कुई लावी. त्याची संपली की त्याच्या खालचा. असे करत करत पाळी शेंडेफळापर्यंत जाई. या गाण्याचा एकच कडक नियम होता. एकाच्या सुरावर दुसऱ्याने पाय द्यायचा नाही. आधीच्याचा सूर हवेत विरेपर्यंत तोंड मिटून बसायचे. कोणी घाई केली तर म्हातारा नुसता एक डोळा उघडून बघे, आणि तेवढ्याने चुकणाऱ्याची शेपूट पोटाखाली जाई.

हे गाणे त्याला बापाने शिकवले होते आणि बापाला आजाने. असेच का गायचे, असे म्हाताऱ्याने लहानपणी एकदा विचारले होते. त्यावर बापाने त्याच्या कानाचा बारीकसा चावा घेतला. उत्तर मिळाले असे समजून तो गप्प बसला, आणि पुढे आपल्या पिल्लांनी तेच विचारले तेव्हा त्यानेही तेच उत्तर दिले.

आदल्या उन्हाळ्यात त्या रानात रोगाची साथ आली. टोळीतले निम्म्याहून जास्त कोल्हे गेले. म्हाताऱ्याचे भाऊ गेले आणि त्याची मुलगी गेली. ही मुलगी त्याची फार लाडकी होती. तिची कुई सुरू झाली की म्हातारा कान तिच्याकडे वळवून बसायचा, आणि आपण बाप म्हणून ऐकतो की गवई म्हणून, हे त्याचे त्यालाच सांगता आले नसते. साथ ओसरल्यावर उरलेली टोळी पुन्हा खडकावर जमली, तेव्हा त्याने सांगून टाकले, की गेलेल्यांच्या जागा भरायच्या नाहीत. क्रम तोच राहील. भावाची पाळी आली की त्याच्या कुईला लागला असता तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचे. मुलीची पाळी आली की तसेच. त्यामुळे आता तिन्हीसांजेच्या गाण्यात सुरांपेक्षा शांतताच जास्त असे. म्हाताऱ्याला त्या शांततेत आपली माणसे भेटत. इतरांना तिथे काय भेटत होते, ते त्याने कोणाला विचारले नाही.

गेलेल्या मुलीच्या मागे तिची एक लेक होती. आता ती चांगली तरणी झाली होती. पाय चपळ, जीभ त्याहून चपळ. खडकावर ती शिस्तीत बसे, आपली पाळी आली की आजोबांनी शिकवले तसे लांब गाई आणि मान खाली घाली. पण दुपारी मोठी मंडळी बिळात आडवी झाली, की ती तिच्या वयाच्या पोरापोरींना घेऊन ओढ्याच्या घळीत उतरे. तिथे त्यांचे निराळेच गाणे चाले. एकाने आखूड कुई टाकायची, ती अर्धी होते न होते तोच दुसऱ्याने तिच्यावर चढायचे, तिसऱ्याने दोघांच्या मधून निसटायचे. तोंडे एका दिशेला ठेवायचीच नाहीत. कोणी वर बघून गायचे, कोणी जमिनीकडे, कोणी घळीच्या भिंतीशी नाक नेऊन. की-की, याव, कीयाव-याक, हुकी, की. ऐकणाऱ्याला सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते सापडत नसे, आणि गाणाऱ्यांना त्याचीच मजा वाटे.

एका दुपारी या आवाजाने म्हाताऱ्याची झोप मोडली.

"कोणाला ठसका लागलाय?" त्याने बायकोला विचारले. ती बिळाच्या तोंडाशी बसून एक खेकडा फोडत होती.

"ठसका कसला. पोरं गाताहेत," म्हातारी कोल्हीण म्हणाली.

"हे गाणं? खोकला आहे हा. खोकला, आणि तोही सगळ्यांना एकदम आलेला."

"तुमच्या गाण्याला पोरं काय म्हणतात, ठाऊक आहे का?"

"काय म्हणतात?"

"जांभई," कोल्हीण म्हणाली आणि खेकड्याची नांगी चोखू लागली.

हे मात्र म्हाताऱ्याला फार लागले. आयुष्यभर ज्याच्यासाठी घसा झिजवला, त्याला पोरे जांभई म्हणतात. तो उठला आणि तडक घळीत उतरला. त्याला पाहताच पोरे पांगली. नात तेवढी जागची हलली नाही.

"काय चाललंय हे?" त्याने विचारले.

"गाणं, आजोबा."

"एकाच्या सुरावर दुसऱ्याने पाय द्यायचा नाही, हे मी शिकवलं होतं की नव्हतं?"

"शिकवलं होतं. पण आजोबा, पाय दिला म्हणून सूर काही मरत नाही. उलट उडी मारतो. तुम्ही एकदा ऐकून तर बघा."

"तुझी आई असं कधी गायली नसती."

नातीने मान फिरवली. मग तिने त्याच्याकडे न बघता म्हटले, "आईची पाळी आली की तुम्ही आम्हाला गप्प बसवता. रोज. मला ते सोसत नाही, आजोबा. त्या वेळी मी मनातल्या मनात काहीतरी गात बसते. आखूड आखूड, भराभर, मध्ये जागाच राहू नये असं. तेच हे गाणं आहे."

यावर काय बोलावे ते म्हाताऱ्याला कळले नाही. आणि काय बोलावे ते कळले नाही की मोठी माणसे जे करतात, तेच त्याने केले. तो रागावला. "खडकाच्या आसपास हा खोकला ऐकू आला तर याद राख," असे बजावून तो माघारी फिरला. आपले काहीतरी चुकले आहे असे त्याला वाटत होते, आणि नेमके म्हणूनच त्याचा राग लवकर उतरेना.

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी टिटवी आली. ही टिटवी डोंगराच्या खिंडीत राहत असे. अल्याडचे पल्याड आणि पल्याडचे अल्याड सांगितल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. पण ती खोटे बोलत नाही, हे रानात सगळ्यांना माहीत होते.

"कोल्होबा," टिटवी म्हणाली, "पल्याडची टोळी तुम्हाला मोजतेय."

"मोजतेय म्हणजे?"

"तुम्ही संध्याकाळी गाता ना, तेव्हा त्यांचा म्होरक्या खिंडीत येऊन बसतो. तुमची एक कुई झाली की पंजाने एक खडा बाजूला सारतो. दुसरी झाली की दुसरा खडा. मध्येच तुम्ही सगळे गप्प होता, तेव्हा तो हसतो आणि जोडीदाराला सांगतो, 'इथला एक मेला.' उद्या तिन्हीसांजेला ते सगळे येणार आहेत. पाण्यासाठी."

म्हाताऱ्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्याचे कारण तुम्हाला सांगायला हवे. कोल्हे आपसांत दातांनी लढत नाहीत. जखमी कोल्हा शिकार करू शकत नाही, हे त्यांना फार पूर्वीच कळले आहे. पाण्यावरून तंटा झाला की दोन टोळ्या खिंडीच्या दोन बाजूंना बसतात आणि कुई लावतात. ज्या टोळीचे गळे जास्त भरतील तिचे पाणी. ज्यांचे कमी भरतील त्यांनी तक्रार न करता आपली पिल्ले तोंडात धरायची आणि निघायचे. म्हाताऱ्याच्या टोळीकडे एक डोह होता. भर उन्हाळ्यातही न आटणारा त्या मुलखातला तो एकच डोह. त्याच्या पलीकडे नुसता मुरमाड माळ होता, आणि तो संपला की गावे आणि गावांतली कुत्री. टोळीत एक कोल्हीण नुकतीच व्याली होती आणि तिच्या पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. ती त्या माळावर एक दिवससुद्धा तगली नसती.

"येऊ देत," म्हातारा म्हणाला. "आम्ही आमचं गाणं गाऊ. बापजाद्यांनी गायलं तसं. एकही सूर ढळू न देता, शुद्ध गाऊ."

"गा की," म्हातारी कोल्हीण म्हणाली. "तुम्ही शुद्ध गाल आणि ते शुद्ध मोजतील."

"मग काय करू म्हणतेस?"

"मला काय कळतंय गाण्यातलं. पण तुम्ही आपलं गाणं आजवर मधोमध बसून ऐकलंत. एकदा लांब जाऊन ऐका."

म्हातारा बराच वेळ कुरकुरला. त्याच्यावाचून गाणे सुरू कसे होणार, पहिली कुई कोण लावणार, लोक काय म्हणतील. पण कोल्हीण एकदा काही म्हणाली की ते पुन्हा म्हणत नसे, आणि त्यामुळेच ते टाळता येत नसे. उन्हे कलल्यावर तो निघाला आणि खिंडीतल्या करवंदीच्या जाळीत शिरून बसला.

थोड्याच वेळात पल्याडचा म्होरक्या आला. चांगला थोराड, जाड मानेचा कोल्हा. सोबत एक जोडीदार. म्होरक्याने पुढ्यात खड्यांचा ढीग केला आणि कान टवकारले. खाली खडकावर म्हाताऱ्याच्या जागी त्या दिवशी कोल्हीण बसली होती. तिने पहिली कुई लावली.

म्हाताऱ्याने आपले गाणे आयुष्यात पहिल्यांदा दुरून ऐकले, आणि ते इतके सुंदर होते की त्याचे डोळे भरून आले. प्रत्येक सूर सुटा, स्वच्छ, वाऱ्यावर तरंगत येणारा. कोणाचा घसा थोडा बसलाय, कोण घाबरत गातोय, तेसुद्धा कळत होते. तेवढ्यात खडा सरकल्याचा आवाज झाला. मग दुसरा. मग गाणे थांबले आणि ती शांतता आली, जिच्यात तो रोज आपल्या मुलीला भेटत असे.

"इथला एक मेला," म्होरक्या म्हणाला आणि हसला.

म्हातारा जाळीत तसाच बसून राहिला. बाहेर झेप घ्यावी आणि त्याचा गळा धरावा, असे त्याला वाटले. पण हसणाऱ्याचा राग धरायलाही त्याच्याकडे तोंड उरले नव्हते. आपले दुःख त्याने आपल्यापुरते राखून ठेवले आहे, असे तो समजत होता. ते तर तो रोज साऱ्या मुलखाला ओरडून सांगत होता.

गाणे संपले. सारलेले खडे फार थोडे होते. "उद्या दिवेलागणीला पाणी आपलं," म्होरक्या म्हणाला आणि दोघे आपल्या वाटेने गेले.

म्हातारा जाळीतून बाहेर आला. त्या खड्यांकडे बघता बघता, बापाने कानाला चावा घेऊन जे उत्तर दिले नव्हते ते त्याला आपोआप मिळाले. त्याच्या पणज्याच्या काळी टोळी एवढी मोठी असेल की खडकावर बसायला जागा पुरत नसेल. त्यांना आपण मोजले जावे असेच वाटत असणार. प्रत्येक गळा वेगळा ऐकू जावा, पलीकडच्यांनी मोजून मोजून थकावे आणि घरी जावे, म्हणून त्यांनी हे गाणे असे सुटे सुटे बांधले. ते पुष्कळ असणाऱ्यांचे गाणे होते. आता टोळी मूठभर उरली होती आणि तो मात्र तेच गाणे गात बसला होता.

इतक्यात खाली घळीतून आवाज आला. आज आजोबा खडकावर नाहीत, हे पाहून पोरांनी आपला खोकला सुरू केला होता. म्हाताऱ्याच्या कपाळाला सवयीने आठी पडली. मग त्याच्या मनात काय आले कोणास ठाऊक, त्याने समोरच्या ढिगातला एक खडा पंजाने सारला. दुसरा सारला. तिसरा सारणार तो पहिलाच आवाज पुन्हा आला, की तो चौथाच कोणी होता? त्याने खडे मागे घेतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा घोटाळा. घळीच्या भिंतींवर आपटून सूर येत होते, एकातून दुसरा फुटत होता, डावीकडे वाटावा तो उजवीकडे निघत होता. घळीत किती पोरे आहेत हे त्याला पक्के ठाऊक होते. त्यांतल्या प्रत्येकाला त्याने कुई शिकवली होती. तरी त्याचे कान सांगत होते, की तिथे अख्खे रान भरून कोल्हे आहेत. एकदा तर त्याने चक्क मागे वळून पाहिले.

तो घळीत उतरला तेव्हा पोरे एकदम चिडीचूप झाली. नात पुढे आली. बोलणी खाण्याची तिची तयारी दिसत होती.

"थांबलात का?" म्हातारा म्हणाला. "गा."

"आजोबा?"

"उद्या खिंडीत हेच गायचं. सगळ्यांनी. म्हाताऱ्याकोताऱ्यांनीसुद्धा."

नातीचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्हाला आवडलं?"

"अजिबात नाही. कानात अजून खाज सुटलीय माझ्या. पण मी खडे घेऊन बसलो होतो आणि मला तुम्हाला मोजता आलं नाही." मग तो म्हणाला, "आणि आईच्या वेळी मी तुला गप्प बसवत होतो, ते चुकलं माझं. मला वाटलं, ती शांतता सगळ्यांनाच हवी आहे."

नात त्याच्या अंगाला अंग घासून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शिकवणी सुरू झाली. शिकवणारी नात, शिकणारे तिचे मामा, मावश्या आणि आजोबा. सोपे नव्हते ते. एक वयस्कर कोल्हा होता, स्वभावाने अत्यंत सभ्य. दुसऱ्याच्या सुरावर पाय द्यायची वेळ आली की तो थांबे आणि म्हणे, "आधी तुमचं होऊ द्या." शेवटी नातीने त्याला बाभळीकडे तोंड करून बसवले आणि दुसरे कोणी गातच नाहीये असे समजायला सांगितले, तेव्हा कुठे त्याला ते जमले. उलट म्हातारी कोल्हीण पहिल्याच झटक्यात अशी काही आखूड, तिरकस कुई टाकू लागली की पोरे तोंडात शेपट्या घालून बघत राहिली.

"हे तुला कुठून येतं?" म्हाताऱ्याने चकित होऊन विचारले.

"येत होतंच. इतकी वर्षं तुमच्या सुरावर पाय नको म्हणून धरून ठेवलं होतं," ती म्हणाली.

म्हाताऱ्याला स्वतःला मात्र ते काही केल्या येईना. आखूड कुई तोडायला गेला की ती लांबे. छाती भरली की सूर आपोआप जुन्या वाटेने चालू लागे. दुपार झाली तेव्हा तो दमून बसला. "तुम्ही गा," तो म्हणाला. "मी पिल्लांपाशी थांबतो."

नातीने मान हलवली. "नाही आजोबा. तुम्ही तुमचंच गा, लांब, जसं गाता तसं. आम्ही त्याच्यावर पाय देऊ. चालेल तुम्हाला?"

हे विचारायलाही धीर लागतो, मुलांनो, आणि हो म्हणायला त्याहून जास्त लागतो. ज्याच्या सुरावर आजवर पानसुद्धा पडले नव्हते, त्याने त्यावर सगळ्यांना नाचू द्यायचे होते. म्हाताऱ्याने डोहाकडे पाहिले, पिल्लांच्या बिळाकडे पाहिले.

"द्या," तो म्हणाला.

तिन्हीसांजेला खिंडीच्या पलीकडच्या बाजूला पल्याडची टोळी येऊन बसली. रांगच्या रांग. त्यांनी आधी गायचे होते. त्यांचा म्होरक्या उठला आणि त्याने लांब, भरदार कुई लावली. मग पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने. एकेक गळा सुटा, ठणठणीत. हे गाणे जुन्या चालीचेच होते आणि म्हाताऱ्यातल्या गवयाला ते ऐकून बरे वाटले. पण ते संपेचना, आणि एकेका सुराबरोबर म्हाताऱ्याच्या टोळीतली पोरे जास्त जास्त अंग चोरू लागली. शेवटचा सूर विरला तेव्हा पलीकडे नुसता माज होता. म्होरक्याने पुढ्यात खडे मांडले आणि मोठ्याने म्हटले, "हं, होऊ द्या तुमचं. आम्हाला तहान लागलीय."

म्हाताऱ्याच्या बाजूला ठरल्याप्रमाणे सगळे खडकांच्या आडोशाला पसरून बसले होते. कोणी वर, कोणी खाली, कोणाचे तोंड भिंतीकडे. दिसत होता फक्त म्हातारा. त्याने मान वर केली, डोळे मिटले आणि आयुष्यात कधी लावली नसेल अशी कुई लावली.

म्होरक्याने एक खडा सारला.

म्हाताऱ्याचा श्वास संपत आला. आता ती जागा येणार, सवयीने त्याचे काळीज थांबून राहिले. पण त्याचा सूर विरायच्या आत कानाशी नातीची कुई फुटली. याव. त्यावर कोल्हिणीची. की-की. भिंतीवरून एक आली, बाभळीकडून एक, दगडाच्या फटीतून दोन, त्या दोन आपटून चार झाल्या. म्हाताऱ्याने पुन्हा छाती भरली आणि लांब सूर लावला, आणि पोरे त्याच्यावर चढली, घसरली, उड्या मारून पलीकडे गेली. त्याच्या सुराला काहीही झाले नाही. त्याला मुलीची आठवण आली, रोज येई तशीच आणि तेवढीच. पण आज ती आली तेव्हा तो एकटा बसलेला नव्हता, आणि त्याला भरून आल्यासारखे, मोकळे वाटले.

पलीकडे म्होरक्या खडे सारत होता. त्याने काही सारले, थांबला, त्यांतले दोन मागे घेतले, पुन्हा तीन सारले. "गप्प बसा रे, मला मोजू द्या," तो आपल्याच टोळीवर खेकसला. त्याने ढीग मोडून पुन्हा सुरुवात केली. मग खडे संपले. कुई चाललीच होती. त्याच्या जोडीदाराने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि हळूच मागे पाहिले.

"काल तर एवढेसे होते," तो म्हणाला.

"काल दाखवले तेवढे होते," म्होरक्या म्हणाला. "त्या मधल्या शांततेत हे लपले होते तर."

आणखी एक गंमत झाली. पल्याडच्या रांगेतल्या शेवटच्या काही पोरांच्या शेपट्या आपोआप हलू लागल्या. एकाला राहवेना. त्याने बारीकशी "की" करून पाहिली. म्होरक्याने गर्रकन वळून त्याच्याकडे दात विचकले, पण तोवर शेजारच्यानेही केली. आपलीच पोरे शत्रूच्या सुरावर पाय द्यायला लागली, हे पाहिल्यावर म्होरक्याने जास्त वेळ घालवला नाही. तो उठला, अंग झटकले, आणि आपण मुळात पाण्यासाठी आलोच नव्हतो अशा चालीने डोंगर उतरू लागला. त्याच्या मागे सगळी रांग गेली. शेवटची पोरे जाता जाता वळून वळून ऐकत होती.

ही लबाडी झाली, असे तुमच्यापैकी एखादा म्हणेल. अरे बाबा, ते कोल्हे होते. आणि मोजणाऱ्याला मोजता आले नाही, यात गाणाऱ्याचा दोष काय?

त्या संध्याकाळी टोळीने डोहावर जो धुडगूस घातला त्याला तोड नाही. सभ्य वयस्कर कोल्हा तर कोणालाही आधी न विचारता पाण्यात पडला. टिटवी ही बातमी सांगत इतकी फिरली की तिचा आवाज बसला. पाण्यातून बाहेर येऊन नात म्हाताऱ्याशेजारी बसली.

"आता तरी आवडलं ना, आजोबा?"

"नाही," म्हातारा म्हणाला. "खोकलाच आहे तो. पण असा खोकला आपल्या घरात आहे, याचा मला अभिमान वाटतो."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला टोळी नेहमीप्रमाणे काळ्या खडकावर जमली. सगळे आपापल्या जागी बसले, आणि पाहतात तो मधली जागा रिकामी. म्हातारा कडेला, पोरांच्या मागे जाऊन बसला होता.

"आजोबा, मध्ये बसा ना," नात म्हणाली.

"मध्ये तू बस."

नात गोंधळली. "आणि तुम्ही?"

"मी मागून साथ देतो, झील धरतो," तो म्हणाला. "पाय तेवढे जपून द्या. सूर म्हातारा आहे."

नात मधोमध बसली आणि तिने मान वर केली.

तात्पर्य : नव्यांचे गाणे जुन्यांना आवडलेच पाहिजे असे नाही, पण ते कशासाठी जन्माला आले हे ऐकून घेण्याआधी त्याला गोंगाट म्हणू नये.